जुनी गाडी घेताना : भाचीला मामाचा कानमंत्र

पोरी, पगारातून साठवलेल्या पैशांत पहिली गाडी घ्यायची आणि कर्ज काढण्यापेक्षा जुनीच घ्यायची, हा तुझा विचार मला मनापासून पटला. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते आणि पहिल्या चार-पाच वर्षांत ती सगळ्यात जास्त उतरते. ती घट पहिल्या मालकानं सोसलेली असते. चांगली वापरलेली गाडी त्यानंतरही आठ-दहा वर्षं विनातक्रार चालते. पण ती चांगली वापरलेली आहे, हे विकणाऱ्याच्या तोंडावरून ठरवायचं नाही. ते आपण तपासून ठरवायचं.

माझी सगळी नोकरी मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्यात गेली. घाटात कठड्याला धडकलेल्या, ट्रकखाली गेलेल्या, कृष्णेच्या पुरात दोन-दोन दिवस बुडून राहिलेल्या गाड्या मी बघितल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या किमतीच्या पाऊणपटीपुढे गेला की आम्ही ‘टोटल लॉस’ लिहितो. विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि तो सांगाडा लिलावात जातो. त्यातल्या काही गाड्या सुट्या भागांसाठी खोलल्या जातात. काही मात्र टिंकरिंग, रंग आणि पॉलिश होऊन दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात पुन्हा बाजारात उभ्या राहतात. म्हणून तुला हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

मला ज्यांनी हे काम शिकवलं, त्यांनी सुरुवातीलाच एक सूत्र दिलं होतं. जुन्या गाडीतले दोष दोन जातीचे असतात. एक पैसे टाकून बरे होणारे, दुसरे कितीही पैसे टाकले तरी बरे न होणारे. पहिल्या जातीच्या दोषांवर भाव पाडायचा, दुसऱ्या जातीचा एक जरी दिसला तरी पाठ फिरवायची. ही दुसरी जात तिघांचीच आहे : वाकून सरळ केलेला सांगाडा, आत शिरलेलं पुराचं पाणी आणि गोंधळाचे कागद. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन, एसी ही सगळी पहिली जात. हे एवढं डोक्यात पक्कं ठेव, म्हणजे गाडीचा रंग आणि म्युझिक सिस्टीम बघून भुलणार नाहीस.

आधी कागद, मग गाडी

लोक आधी गाडी बघतात, ती आवडते, मनानं घरी आणतात आणि मग कागद बघतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण आवडलेल्या गाडीच्या कागदातली खोट माणूस स्वतःच झाकायला लागतो. तू उलटं कर. फोनवरच गाडीचा नंबर माग आणि ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर टाकून बघ. नोंदणीची तारीख, इंधन, गाडीचा वर्ग, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, हे तिथं कळतं. जो माणूस नंबर द्यायला का-कू करतो, त्याच्याकडे जाऊच नकोस.

मग मूळ आरसी हातात घे. त्यावरचा मालक आणि विकणारा एकच आहे ना? ‘मित्राची आहे’, ‘भावाच्या नावावर आहे, तो दुबईला असतो’ असं ऐकलंस तर त्या मित्राशी किंवा भावाशी थेट बोलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मूळ मालक वारलेले असतील तर गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर झाली पाहिजे. वारसानं वडिलांच्या नावाची गाडी परस्पर विकली तर उद्या दुसरा वारस दारात उभा राहू शकतो.

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर गाडीवर बोजा आहे. ‘कर्ज कधीच फिटलंय’ या शब्दाला किंमत नाही. कर्ज फिटणं वेगळं आणि आरटीओत बोजा उतरणं वेगळं. बँकेचा ना हरकत दाखला आणि बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ असेल तरच बोजा उतरतो. शक्य असेल तर मालकाला आधी तो उतरवून घ्यायला सांग, मग व्यवहार कर.

आरसी डुप्लिकेट असेल तर मूळ कुठं गेली ते विचार. चोरीच्या गाड्यांची नोंद तपासायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सोय आहे, तिथं नंबर टाकून बघ. ई-चलनाची थकबाकीही ऑनलाइन दिसते. ती विकणाऱ्यानं व्यवहाराआधी भरायची, नाहीतर पुढे ती तुझ्या गळ्यात पडते.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. राजधानी दिल्लीच्या परिसरात जुन्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर वयाचे निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच येतात. अशा गाडीला तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो. महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो आणि १२ महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो. हे सगळं धरून हिशेब केलास की स्वस्ताई बहुधा उरत नाही. पहिल्यांदाच घेते आहेस तर एमएच पाटीचीच घे, आणि जमल्यास तुझ्याच आरटीओतली.

आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. आरसीवरची शेवटची तारीख बघ. तेरा वर्षांची गाडी म्हणजे दोन वर्षांनी आरटीओची फेरी आली, हे भाव करताना धरायचं.

गाडी बघायला कधी जायचं

दिवसा, लख्ख उजेडात आणि पाऊस नसताना जा. रात्री ट्यूबलाइटखाली सगळे रंग सारखे दिसतात आणि ओल्या पत्र्यावर पोचे लपतात. जाताना एक टॉर्च, एक फडकं आणि एक कागद-पेन घे. गाडी सुरू करून ठेवू नका, असं आधीच सांग. पोचल्या पोचल्या पहिला हात बॉनेटवर ठेव. बॉनेट गरम लागलं तर काहीतरी लपवायला इंजिन आधी तापवलेलं असू शकतं. चहा घे, तासभर थांब किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

ओळखीचा मिस्त्री बरोबर ने, पण तो तुझा असू दे, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. त्याची दिवसाची मजुरी दे आणि सौद्यावर दलाली मात्र घ्यायची नाही, असं त्याला आधीच सांग.

सांगाडा सरळ आहे का

आपल्याकडच्या बहुतेक कारना वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सबंध सांगाडा हीच त्यांची चेसिस. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ यांना खाली शिडीसारखी वेगळी चेसिस असते, पण हॅचबॅक किंवा साध्या सेडानमध्ये ती नसते. त्यामुळे मोठ्या धडकेत सांगाडा वाकला की तो ओढून सरळ केला तरी मूळची ताकद परत येत नाही. पुन्हा धडक बसली तर तो कसा चुरगळेल याचा भरवसा उरत नाही, आणि एरवीही गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेनं झिजतात.

आधी लांबून बघ. गाडीच्या कोपऱ्यात उभी राहा आणि सबंध बाजूवर नजर टाक. पुढचं दार, मागचं दार आणि फेंडर यांच्यामधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या असल्या पाहिजेत, आणि डावी-उजवी बाजूही सारखी. उन्हात पत्र्यावर एखाद्या सरळ वस्तूचं प्रतिबिंब बघ. विजेचा खांब प्रतिबिंबात लाटेसारखा दिसला तर तिथं लांबी भरलेली आहे. बोटानं ठोकून बघ. कोरा पत्रा खणखणतो, लांबी भरलेला भाग बद्द वाजतो.

मग बॉनेट उघड आणि बोल्ट बघ. मला हीच जागा सगळ्यात भरवशाची वाटते, कारण पॉलिश करणारा माणूस तिथवर जात नाही. कारखान्यात बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट आधी बसवतात आणि मग सगळ्यावर एकत्र रंग चढतो. त्यामुळे न उघडलेल्या बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर एकसारखा, अखंड रंग असतो. पाना लागलेल्या बोल्टच्या सहा कोपऱ्यांपैकी एक-दोन कोपऱ्यांचा रंग टवका उडून आतलं लोखंड दिसतं, किंवा बोल्ट थोडा फिरल्यानं भोवती जुन्या रंगाची चंद्रकोर राहते. एखादं फेंडर बदललेलं असणं हा गुन्हा नाही. शहरात चार वर्षं फिरलेल्या गाडीचं एखादं फेंडर बदललेलं सापडतंच. पण दोन्ही फेंडर, बॉनेट आणि रेडिएटरचा वरचा पट्टा, सगळ्यांचे बोल्ट उघडलेले असतील तर गाडी समोरून जोरात ठोकली गेली आहे.

तिथंच आतल्या बाजूनं टॉर्च मार. इंजिनच्या दोन्ही अंगांना पुढे आलेले जाड पत्र्याचे हात दिसतील, त्यांना गॅरेजवाले अ‍ॅप्रन म्हणतात. कारखान्याचा वेल्ड म्हणजे ठरावीक अंतरावर उमटलेले गोल ठिपके. त्या जागी वेडीवाकडी वेल्डिंगची रेघ, घडी पडलेला पत्रा, ताजा काळा रंग किंवा हातानं फासलेलं सीलंट दिसलं तर तिथून माघारी फिर. मग चारही दारांच्या चौकटीचं रबरी बीडिंग दोन बोटांनी थोडं ओढ आणि आतले ठिपके असेच तपास. दारामधला खांब, त्याला ‘बी पिलर’ म्हणतात, कापून जोडलेला असेल तर ती गाडी फुकटही नको. डिकीतली चटई उचल, स्टेपनी काढ आणि खालचा पत्रा बघ. मागून बसलेली धडक तिथं सापडते.

काचांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि तारखेचा संकेत छापलेला असतो. सगळ्या काचा एका कंपनीच्या आणि जवळपास एकाच काळातल्या हव्यात. एखादीच वेगळी असेल तर त्या बाजूचा पत्रा पुन्हा एकदा नीट बघ.

आता किल्ली ‘ऑन’ कर, पण इंजिन सुरू करू नकोस. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले पाहिजेत, त्यात एअरबॅगचाही. काही सेकंदांनी किंवा इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. विझला नाही तर एअरबॅगच्या यंत्रणेत दोष आहे. तो मुळात लागलाच नाही तर जास्त सावध हो. अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता दिव्याची जोडणीच काढून टाकली, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. हा खर्चाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

पाणी शिरलं होतं का

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पूरग्रस्त गाडी बाहेरून चकचकीत करता येते. पण पाण्यातला बारीक गाळ वायरिंगच्या सॉकेटमध्ये, सेन्सरमध्ये आणि बेअरिंगमध्ये बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकेक वस्तू बंद पडायला लागते. एक दुरुस्त केली की दुसरी, आणि त्याला अंत नसतो. म्हणून ही गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

ओळखायचं कसं ते सांगतो. पुढचा सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत, अगदी थांबेपर्यंत, ओढून काढ. वरचा वापरातला भाग धुऊन स्वच्छ करता येतो, पण गुंडाळीच्या तळचा पट्टा कोणी काढत नाही. तिथं चिखलाची पिवळसर रेघ, बुरशीचे ठिपके किंवा कडकपणा असेल तर त्या उंचीपर्यंत पाणी चढलं होतं. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळांवर आणि स्प्रिंगवर गंज आहे का बघ. एरवी गाडीच्या आत सीटखाली गंज येण्याचं काही कारण नाही. ड्रायव्हरच्या पायाजवळची चटई उचलून खालच्या फोमवर हात दाब, ओल लागते का बघ. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मार. स्क्रूवर गंज आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढलेला दिसेल. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ किंवा माती दिसते का ते बघ. गाडीत अत्तराचा भडिमार असेल तर काचा लावून एसी बंद ठेव, दहा मिनिटं आत बस. अत्तर निवळलं की कुबट वास वर येतो.

शिवाय मालकाला विमा कंपनीकडून आजवरच्या दाव्यांची माहिती काढून द्यायला सांग. पॉलिसीवरचा नो क्लेम बोनसही बघ. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षं दावा न केल्यास ५० टक्क्यांवर पोचतो. पाच-सहा वर्षांच्या गाडीवर बोनस शून्य असेल तर मधे दावा झाला होता की पॉलिसी खंडली होती, हे सरळ विचार.

इंजिन आणि चालवून बघणं

आता पहिली जात आली, पैशानं बरी होणारी. इथं घाबरायचं नाही, फक्त कागदावर लिहून ठेवायचं.

थंड इंजिन सुरू करायला दुसऱ्याला सांग आणि तू सायलेन्सरच्या मागे उभी राहा. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ निघते, ती विरली तर ठीक. तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जळतोय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पेट्रोल गाडीत काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. इंजिन ऑइलचं झाकण काढून उलटं करून बघ. आतल्या बाजूला लोण्यासारखा पांढुरका थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असू शकतं. निळा धूर आणि हा थर सापडला तर इंजिन उघडायचा खर्च समोर आहे. तेवढा पैसा तुझ्याकडे नसेल तर सोडून दे.

डिझेल गाडी बघत असशील तर तुझं रोजचं अंतर आधी विचारात घे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो मोकळा व्हायला मधूनमधून हायवेवर लांब पल्ला लागतो. रोज घर ते ऑफिस पाच-सात किलोमीटर करणाऱ्याच्या गाडीत तो तुंबतो. तुझं रोजचं जाणं एवढंच आहे, तू पेट्रोलच बघ.

सीएनजी असेल तर कंपनीचा की बाहेरून बसवलेला ते विचार. कसाही असला तरी आरसीवर सीएनजीची नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी. नोंद नसलेली किट घेऊन फिरणं बेकायदा आहे आणि विम्याचा दावाही अडू शकतो.

चालवताना एसी आणि गाणी बंद ठेव, काचा खाली कर. रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल करून गाडी एका बाजूला जाते का बघ. ताशी ४० च्या वेगावरून ब्रेक दाब, गाडी सरळ थांबली पाहिजे, पेडल थरथरता कामा नये. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून हळू गोल फिरव. पुढच्या चाकातून टकटक आली तर एक्सलची जॉइंट गेली. स्पीडब्रेकरवरून आणि खड्ड्यातून मुद्दाम ने, खालून खडखड येते का ऐक. चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाब. इंजिनचा आवाज चढला पण वेग चढला नाही तर क्लच प्लेट संपली. पाच गिअर आणि रिव्हर्स खडखड न होता पडले पाहिजेत. ऑटोमॅटिक असेल तर वाहतुकीत रांगत चालवून आणि चढावर थांबवून बघ, झटके तिथंच कळतात.

परत आल्यावर एसी सुरू कर, इंजिन दहा मिनिटं चालू ठेव आणि तापमानाचा काटा बघ. प्रत्येक काच, वायपर, हॉर्न, दिवे, लॉक एकेक करून चालवून बघ. दोन्ही किल्ल्या माग. दुसरी किल्ली नसेल तर ती कुठं गेली हे विचार, आणि नवी बनवण्याचा खर्च भावात धर.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस

डिजिटल मीटर मागे करणं आज सोपं आहे, म्हणून आकडा एकटा कधी वाचायचा नाही. गाडी जिथं सर्व्हिसला जायची तिथली नोंद बघ, प्रत्येक सर्व्हिसच्या बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. त्यांची चढती रांग लागली पाहिजे. मग वापराच्या खुणा बघ : पेडलचं रबर, स्टिअरिंगची साल, गिअर नॉब, ड्रायव्हर सीटची बाजू. पंचवीस हजार चाललेल्या गाडीचं क्लचचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं.

टायरही खरं बोलतात. त्यांच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. समज, गाडी २०२० ची आहे, मीटर २४ हजार दाखवतो आणि चारही टायर २०२४ चे आहेत. मूळचे टायर साधारण ४० हजारांच्या पुढेच संपतात. मग २४ हजारांत ते का बदलले? याचं पटणारं उत्तर आलं नाही तर मीटरला हात लागलेला आहे. स्टेपनीचा आकडाही वाच, ती बहुधा मूळचीच असते. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असायला हवी, खाचांतल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झीज आली की टायर संपला.

गाडी आधी पिवळ्या पाटीची टुरिस्ट होती का, हेही इथंच विचार. पासिंग बदलून पांढरी पाटी लावता येते आणि ते कायदेशीर आहे, पण त्या गाडीनं तीन वर्षांत तुझ्या दहा वर्षांइतकी धाव घेतलेली असते.

भाव, पैसे आणि नाव

लिहून ठेवलेले सगळे पहिल्या जातीचे दोष आता मांड. चार टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शनचे बुश यांचा बाहेरच्या गॅरेजचा भाव तुझ्या मिस्त्रीला विचार आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा माग. पॉलिसीवर गाडीची विमा कंपनीनं धरलेली किंमत छापलेली असते, तीही समोर ठेव. आवाज चढवायची गरज नाही. कागदावरचे आकडे वाचून दाखव. आणि तुझ्या एकूण पैशांतला दहावा हिस्सा गाडी घेतल्यावरच्या पहिल्या कामांसाठी राखून ठेव : इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल लगेच बदलून घ्यायचं.

इसार थोडा दे आणि लेखी दे. त्यात लिही की कागद खोटे निघाले किंवा बोजा उतरला नाही तर इसार परत. बाकी सगळे पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात, एजंटच्या खात्यात एक रुपयाही नको. डीलरकडून घेत असशील तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचार. जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे.

फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या तुझ्यासमोर होऊ देत. कोऱ्या फॉर्मवर सही करू नकोस आणि कोऱ्या फॉर्मवरची सही घेऊही नकोस. गाडी ताब्यात घेताना ताबापत्रावर तारखेसोबत वेळही लिही, कारण तुम्हा दोघांच्या आपसातल्या हिशेबात त्या मिनिटानंतरचं चलन आणि अपघात तुझ्या अंगावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक. म्हणून नाव बदलणं विकणाऱ्याच्याही हिताचं आहे. हे त्याला सांगितलंस की तोही आरटीओच्या कामात टाळाटाळ करणार नाही.

विमा लगेच आपल्या नावावर करून घे. कलम १५७ प्रमाणे १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यायचा असतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आधीच्या मालकाचा बोनस त्याच्याकडेच राहतो, तुला त्याचा फरक भरावा लागतो. आधीच्या मालकाचा फास्टॅग काढून स्वतःच्या नावाचा नवा लाव, नाहीतर टोल त्याच्या खात्यातून आणि भांडण तुझ्या दारात.

शेवटचं सांगतो. ‘आजच टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असं प्रत्येक विकणारा म्हणेल. पी हळद आणि हो गोरी, अशी घाई इथं उपयोगाची नाही. ही गाडी गेली तर दुसरी मिळेल, बाजारात गाड्यांची वाण कधीच पडत नाही. सांगाडा वाकलेला, पाणी शिरलेलं किंवा कागद अडकलेला, यातलं काहीही दिसलं तर इसार बुडाला तरी चालेल, पण तिथून उठून ये. बाकी सगळं दुरुस्त होतं. आणि आरसीवर तुझं नाव छापून हातात येईपर्यंत ती गाडी आपली झाली असं समजू नकोस.